न सोडलेली कुस्ती

सोपान पैलवान कुणालाही पहिल्यांदा भेटला की नमस्काराच्या आधी त्याच्या मानेवर हात ठेवायचा. मागून, कॉलरच्या वर, अख्खा पंजा पसरून. जरा दाबून बघायचा आणि तिथल्या तिथं निकाल द्यायचा. "मान बरी हाय," नाहीतर, "मान कच्ची हाय राव, दूध प्या." माणूस ओळखायची दुसरी रीत त्याला माहीतच नव्हती. चाकणच्या कंपनीत मुलाखतीला गेला तेव्हा मोठ्या साहेबांनी उभं राहून हात पुढं केला, तर ह्या गड्यानं तो हात डाव्या हातानं धरला आणि उजवा पंजा थेट साहेबांच्या मानेवर टाकला. साहेब उत्तरेकडचे. गोंधळून म्हणाले, "क्या हुआ?" सोपान म्हणाला, "कुछ नहीं साहेब, मान एक नंबर हाय. पहले खेलते थे काय?" साहेब खरोखरच कॉलेजात कबड्डी खेळलेले निघाले. सोपानला नोकरी लागली. राज्य अजिंक्यपदाची पदकं त्यानं पिशवीतून नेली होती, ती म्हणे बाहेर काढायची वेळच आली नाही.

माझ्या मानेवरही त्यानं असाच हात ठेवला होता. आम्ही मूळचे परभणीकडचे. वडील भोसरीच्या कारखान्यात लागले आणि आम्ही दिघीत भाड्याच्या खोलीत राहायला आलो. मला कुस्तीचं वेड गावाकडूनच होतं. मोशीच्या पुढं इंद्रायणी ओलांडली की एका गावात जुनी तालीम आहे आणि तिथले वस्ताद आप्पा पोरं तयार करतात, असं कुणीतरी सांगितलं. मी सायकल मारत गेलो. आप्पा खाटेवर बसलेले. सोपान कुस्तीच्या हौदातली माती उकरत होता. त्यानं खोरं बाजूला ठेवलं, माझी मान चाचपली आणि आप्पांना ओरडून सांगितलं, "आप्पा, ह्याला मानच न्हाई!" सगळी तालीम हसली. मग त्यानं माझ्या मांडीवर एक चापट मारली आणि म्हणाला, "पर पाय रोवून उभा ऱ्हातोय. ऱ्हाऊ द्या मला जोडीला."

जोडीला राहायचं म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. मोठ्या पैलवानाला रोज सरावासाठी त्याच्याच वजनाचा एक माणूस लागतो. तो माणूस मी. सोपान नवा डाव घोटणार, मी पडणार. जुना डाव पक्का करणार, मी पडणार. त्याला वैताग आला असला तरी मी पडणार आणि तो खूश असला तर जरा जास्तच पडणार. कित्येक वर्षं हा उद्योग चालला. पहाटे तालीम, मग दोघंही एकाच कंपनीत पहिल्या शिफ्टला. तो प्रेसवर, मी तपासणीला. माझी आई म्हणायची, "त्या पैलवानाला एखादी गादी घेऊन द्या रे कुणीतरी, माझं लेकरू सोडा."

हे सगळं आता लिहायला बसलो त्याला कारण आहे. गेल्या वर्षी सोपान झोपेतच गेला. हृदय बंद पडलं. वय काही जायचं नव्हतं. गेल्या महिन्यात त्याचं पहिलं वर्षश्राद्ध झालं आणि चाकणच्या चौकात त्याचा भला मोठा फ्लेक्स लागला. खाली अभिवादन करणाऱ्यांचे डझनभर फोटो, वर फेटा बांधलेला सोपान, आणि त्याच्या डोक्यावर अक्षरं: 'अजिंक्य मल्ल'. अहो, माझं डोकंच फिरलं. सिग्नलला गाडी थांबवून मी त्या फ्लेक्सकडं बघत बसलो आणि मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले. सोपान अजिंक्य नव्हता. मी हरवलंय त्याला. आणि ही गोष्ट मी लपवली तर तो वरून येऊन मला परत पाडेल, याची मला खात्री आहे.

पण आधी माणूस कसा होता ते सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

सोपान वाढला मातीत आणि नाव कमावलं गादीवर, फ्रीस्टाइलमध्ये. मातीत अनवाणी खेळायचं, गादीवर बूट घालून. बूट घालून दुसऱ्याच्या अंगाला पाय लावायचा ही कल्पनाच त्याला सोसायची नाही. गादीवरच्या अगदी पहिल्या स्पर्धेत त्याच्यासमोर एक वयानं मोठा, टक्कल पडू लागलेला पैलवान आला. झटापटीत सोपानचा बूट त्याच्या पोटरीला लागला. आपल्याकडं चुकून कुणाला पाय लागला की आपण काय करतो? ह्यानं तेच केलं. चालू कुस्तीत वाकला, त्या माणसाच्या पोटरीला हात लावला आणि तो हात स्वतःच्या छातीला लावायला गेला. समोरच्यानं पायाला धरून इतका सोपा पट आयुष्यात काढला नसेल. पाय उचलला, सोपान खाली, गुण त्याच्या खात्यात! पंचांना हसू आवरेना. आप्पा बाहेरून ओरडले, "आरं, पाया घरी पड!" सोपान ती कुस्ती पुढं जिंकला, पण संपल्यावर त्या माणसाच्या मागं जाऊन राहिलेला नमस्कार पुरा करून आला. पुढं मला म्हणाला, "सवय मोडाय लागंल राव, पर लई वंगाळ वाटतं." ती त्यानं मोडली. पण कुस्ती संपली की समोरच्याचे पाय शिवायचा, तो वयानं लहान असला तरी.

त्याची वाक्यं ठरलेली होती. "कुस्ती हातात न्हाई, कमरंत आस्ती," हे दिवसातून एकदा तरी. कुणी आळस केला की, "आंग मागतंय त्याला, दे की!" आणि कुणी फुशारकी मारली की फक्त, "व्हय का?" त्याच्या त्या 'व्हय का'पुढं भलेभले गप्प व्हायचे. आमची कंपनीची बस नाशिक रस्त्याला रोज अडकायची. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, बस जागची हलत नाही. बाकीचे मोबाइलमध्ये तोंड घालून बसायचे. सोपान उठायचा आणि दोन बाकांच्या मधल्या वाटेत बैठका मारायला लागायचा. "बसून बसून काय करायचं? तेवढ्यात आंग मोकळं व्हईल." पहिल्यांदा लोक हसले. मग वेल्डिंगमधला एक जण उठला, मग पेंटशॉपमधले दोघं. पुढं पुढं असं झालं की बस थांबली की अर्धी बस उठबस करतेय आणि ड्रायव्हर ओरडतोय, "आरे, गाडी हलतीया, पलटी कराल!" शेजारच्या बसमधली माणसं काचेला नाक लावून बघायची.

असा हा माणूस राज्याचा विजेता होता, देशपातळीवरही पदक घेऊन आला होता. हरियाणातल्या पोरांनी त्याला दोनतीनदा हरवलं, तेही तो स्वतः सांगायचा. पण आमच्या भागात, खेडपासून भोसरीपर्यंत, त्याला कुणी पाडलेलं नव्हतं. एकच गोष्ट राहिली होती. त्याला एकदा देशाचा पोशाख अंगावर घालायचा होता. ज्याच्या पाठीवर देशाचं नाव असतं तो. बाकी कशाचा हव्यास नव्हता, पण ह्याबद्दल बोलताना त्याचा आवाज बदलायचा. "एकदाच, इलास," मला म्हणायचा. "एकदा घालतो आन मंग गुडघं गेलं तरी जाऊ दे." गुडघे खरंच चालले होते. सकाळी हौदात उतरताना तो भिंतीला धरून उतरायला लागला होता.

त्या वर्षी राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. तिथं पहिला येईल तो पुढं राष्ट्रीय स्पर्धेला आणि तिथून देशाच्या शिबिराला जायची वाट. सोपानची ही शेवटची संधी, हे सगळ्यांना कळत होतं. आप्पांनी माझंही नाव घातलं होतं, म्हणाले अनुभव येईल. पुण्यात चाचणी. सकाळी वजनं झाली, चिठ्ठ्या निघाल्या, आणि दुसऱ्याच फेरीत सोपान आणि मी समोरासमोर.

आता आमच्याकडची रीत अशी, की एका वस्तादाची पोरं एकमेकांशी लढत नाहीत. जत्रेच्या मैदानात तशी जोड कुणी लावतच नाही. गादीवर चिठ्ठी काही हे बघत नाही, मग अशा वेळी एकानं बसायचं, म्हणजे माघार घ्यायची. आप्पांनी मला बोलावलं. "इलास, तू बस." मी म्हणालो, "हो आप्पा." खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. माझ्या मनात दुसरा विचारसुद्धा आला नव्हता. मी बूट सोडायला घेतले.

तेवढ्यात सोपान आला. माझे सुटलेले बूट बघितले आणि त्याचं डोकंच सटकलं. इतक्या वर्षांत मी त्याला तसा चिडलेला बघितला नव्हता.

"बूट घाल."

"आप्पांनी सांगितलंय."

"आप्पांचं मी बघतो. तू बूट घाल."

"सोपान, वेड्यासारखं करू नको. तुझं हे शेवटचं…"

"म्हणून तर! शेवटच्याला मी तू वाट दिली म्हणून पुढं जाऊ व्हय?" मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, "तू लई चांगला झालायस, इलास. तुला म्हाईत न्हाई, पर माझ्या हाताला म्हाईत हाय. रोज धरतोय मी तुला. हरायचं तर हर, हरवायचं तर हरव. पर माझ्यावर उपकार करू नको. आन हात ढिला सोडलास तर मला कळंल, मंग तुझ्याशी बोलनार न्हाई. कंदीच न्हाई."

मी बूट घातले. आप्पा उठून लांब जाऊन बसले.

कुस्ती सुरू झाली आणि पहिल्याच झटक्यात त्यानं मला असा ओढला की मला कळलं, हा काही सराव नव्हे. गुण त्याचे चढत गेले. मी जीव खाऊन लढत होतो तरी मागंच. शेवटचं अर्धं मिनिट उरलं असेल. तो नुसता फिरत राहिला असता तरी जिंकला असता, पण सोपानला तसं जिंकता येत नव्हतं. तो त्याच्या आवडत्या डावाला, ढाकेला आला. ढाक म्हणजे समोरच्याचा हात काखेत आवळायचा आणि त्याला कमरेवरून पलीकडं फेकायचा. मी त्या ढाकेवरून इतक्यांदा उडालो होतो की ती यायच्या आधी त्याचा खांदा कसा जड होतो, हे माझ्या अंगाला ठाऊक होतं. डोक्याला नव्हतं, अंगाला होतं. मी काही ठरवलं नाही. माझं बूड आपोआप खाली बसलं, मी त्याच्या कमरेवरून जायच्या ऐवजी तोच मागं आला, आणि मी वळलो. पंचानं गादीवर हात आपटला; दोन्ही खांदे टेकले की गुण कितीही असले तरी कुस्ती तिथंच संपते. शिट्टी झाली. माझ्या छातीखाली सोपान उताणा होता.

माझ्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो "सॉरी." तो छताच्या दिव्यांकडं बघत होता. म्हणाला, "गप ए. ऊठ आन हात वर कर, पंच थांबलाय." मग माझे पाय शिवून गादीवरून उतरला. पुढच्या फेरीत कोल्हापूरच्या एका पोरानं मला बघता बघता गुंडाळलं. म्हणजे मीही नाही आणि सोपानही नाही. आणि त्या माझ्या कुस्तीत माझ्या कोपऱ्यात टॉवेल घेऊन घसा फोडत कोण उभं होतं? सोपान! "कमर, इलास, कमर!" परतताना जीपमध्ये आप्पा पुढं बसले; त्या दिवसापासून त्यांनी आमच्या दोघांशी बोलणं सोडलं. सोपाननं तोंड खिडकीकडं केलं होतं. मोशीपाशी गाडी गर्दीत थांबली तेव्हा मी बघितलं, त्याचे खांदे हलत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात पुढं केला आणि परत मागं घेतला.

सोपानच्या, म्हणजे तालमीच्या, गावानं आधी मला शिव्या दिल्या. परका पोरगा, आपल्या तालमीत खाऊन-पिऊन मोठा झाला आणि आपल्याच माणसाचा घात केला. त्या मी ऐकून घेतल्या. पण महिन्याभरात दुसरीच आवई उठली. सोपाननं ती कुस्ती सोडली, म्हणजे स्वतःच पाठ टेकली. मुद्दाम. गरीब मित्राचं भलं व्हावं म्हणून. हे सगळ्यांना पटलं, कारण ते सोयीचं होतं: सोपान हरला नाही, उलट मोठा झाला. चहाच्या टपरीवर लोक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "नशीबवान हायेस भावा, असला दोस्त मिळाला." कंपनीत तेच, बसमध्ये तेच. शेवटी एक दिवस आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "खरं सांग बाबा, सोडली का रे त्यानं तुला?"

आईनं विचारलं आणि मी खचलो. धरल्या हाताला कळतं हो! समोरचा जोर लावतोय की सोडतोय, हे पैलवानाला सांगावं लागत नाही. मला माहीत होतं. पण सगळं जग एकच बोलायला लागलं की माणूस स्वतःच्या हातावरसुद्धा संशय घ्यायला लागतो. आयुष्यात मी एकच कुस्ती जिंकलो होतो म्हणावी अशी, आणि ती माझी आहे की नाही हे मलाच कळेनासं झालं. सोपानला विचारायची छाती नव्हती. तो 'हो' म्हणाला असता तर?

चैत्रात गावची जत्रा आली. सोपाननं खेळ थांबवायचं ठरवलं होतं, म्हणून मैदानात कुस्त्या सुरू व्हायच्या आधी त्याचा सत्कार ठेवला. हजारो माणूस गोल करून बसलेलं. फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. निवेदक बोलायला लागला, आणि हे निवेदक म्हणजे काय विचारता! "मित्रासाठी हातातली निवड सोडून देणारा, स्वतः पडून मित्राला मोठा करणारा, असा दिलदार मल्ल…" टाळ्या, शिट्ट्या. मी आखाड्याच्या कडेला उकिडवा बसलो होतो, मान खाली घालून. जमीन पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

आणि सोपाननं माइकसाठी हात पुढं केला. तो चारचौघांत कधी बोलत नसे. त्यानं फेटा काढून आप्पांच्या मांडीवर ठेवला, त्यावर शाल ठेवली, सदरा काढून खांद्यावर टाकला आणि दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत आखाड्याच्या मध्यभागी गेला. "इलास, ये हिकडं."

मी हललो नाही. "ये म्हनतो ना!"

मी गेलो. त्यानं सदरा बाजूला टाकला, माइक निवेदकाच्या हातात देऊन त्याला तोंडासमोर धरायला सांगितला आणि माझा हात काखेत आवळला. "बगा. मी असा ढाकंला गेलो. ह्यानं बूड खाली टाकलं. टाक रे खाली. हां. आन मंग मी हितं आलो." असं म्हणून तो राज्याचा पैलवान आपल्या गावच्या आखाड्यात, आपल्या माणसांसमोर, लाल मातीत उताणा झाला. मला वर ओढून घेतलं. निवेदक बिचारा माइक घेऊन गुडघ्यावर बसला. सोपान खालूनच विचारत होता, "दिसतंय का समद्यांना? मागच्यांना दिसतंय का? सोडनारा मानूस कुशीवर पडतो, आंग राखून पडतो. मी दोनी खांद्यांवर पडलोय. जिवाचं रान केलं, तरी पडलोय. मी कायबी सोडलं न्हाई. ह्याची कुस्ती ह्याला द्या."

माझ्या डोळ्यांतून पाणी त्याच्या छातीवर पडत होतं आणि मला ते पुसताही येत नव्हतं. हलगीवाल्याला काय करावं कळेना. कुस्ती निकाली झाली की वाजवायची, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं वाजवली. मग एकदम सगळं मैदान उठलं.

मातीतल्या कुस्तीत हिशेब साधा असतो, पाठीला माती लागली तो हरला. म्हणून पडलेला पैलवान उठला की सगळ्यात आधी पाठ झटकतो, लोकांनी बघू नये म्हणून. सोपान उठला तेव्हा आप्पा काठी टेकत आत आले होते. कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा आमच्याशी बोलले. "झटक ती," म्हणाले, आणि स्वतःच हात पुढं केला. सोपान मागं सरकला. सदरा त्यानं घातलाच नाही. सगळ्या कुस्त्या तसाच बसून बघितल्या, पंगतीत तसाच जेवला, देवळात तसाच गेला, संध्याकाळपर्यंत तसाच उघडा गावभर फिरला. कुणी पाठीवरची माती पुसायला गेलं की त्याचा हात धरायचा आणि म्हणायचा, "ऱ्हाऊ दे. इलासची हाय ती."